दालीची मऊ घड्याळे
बडोद्यातल्या ललित कलांच्या विद्यार्थ्यांशी बोलताना स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीचे १९३१ सालचे 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' हमखास निघते, आणि हे चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचे आहे हे ऐकून ती मुले चकित होतात. पाघळलेल्या चीजवरून त्यातली वितळणारी मऊ घड्याळे सुचली, असे दाली सांगे. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते डावीकडचे न वितळलेले नारिंगी घड्याळ, ज्यावर मुंग्या जमल्या आहेत, आणि मागचे स्पेनमधल्या कातालोनियाच्या किनाऱ्यावरचे कडे, जे त्याने लख्ख उजेडात, कमालीच्या निगुतीने रंगवले. चित्रातले स्वप्न पटते ते या काटेकोरपणामुळेच. १९३४ पासून चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. पुढे १९५२ ते १९५४ दरम्यान दालीने हाच देखावा विखुरलेल्या ठोकळ्यांत पुन्हा रंगवला. जाहिरातींनी आणि व्यंगचित्रांनी उचलली ती फक्त घड्याळे, याची मला खंत वाटते.