लाईक करणारे साठ, गिऱ्हाईक शून्य

लिंक्डइनवर खातं कसं उघडायचं, फोटो कसा असावा, हे सांगत बसत नाही. माझ्या मुलीने ते एका रविवारी चहा निवायच्या आत उरकलं. मला बोलायचंय त्यानंतरच्या अकरा महिन्यांबद्दल, आणि त्यातही एका व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. त्याची चीड अजून गेलेली नाही.

ठाण्यात वागळे इस्टेटला माझी छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. प्रेशर गेज (दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र), वजनकाटे, व्हर्नियर (लांबी-जाडी मोजायची पट्टी) तपासून सर्टिफिकेट द्यायचं, एवढंच काम. माणसं चार. गिऱ्हाईक आजवर ओळखीतून यायचं. पण ओळखीचे मेंटेनन्सवाले एकेक करून रिटायर झाले, आणि आजूबाजूच्या कारखान्यांच्या जागी ऑफिसं आली. ऑफिसात गेज कुठला? फार तर फायर पंपावर एखादा. म्हणून हा खटाटोप.

मंगळवार आणि शुक्रवार पोस्ट टाकायची असं ठरवलं. पहिले चार महिने पोस्ट सत्तर-ऐंशी जणांना दिसायची आणि लाईक यायचे तीन: मुलगी, साडू आणि डिप्लोमाचा एक मित्र. शुक्रवारी रात्री जेवताना मी फोन उलटा ठेवायचो, म्हणजे बघायचा मोह नको. बायको म्हणायची, "दहावीचा निकाल लागल्यासारखं तोंड करू नका."

पाचव्या महिन्यात वाशीला एका हॉटेलच्या हॉलमध्ये रविवारचं शिबिर केलं. फी ४,९९९ रुपये, जेवणासकट. शिकवणाऱ्याचं नाव घेत नाही. त्याचं म्हणणं एकच: पहिल्या तासात लाईक आले पाहिजेत. त्यासाठी साठ जणांचा ग्रुप. कुणीही लिंक टाकली की बाकीच्यांनी तासाभरात लाईक करायचं आणि किमान पाच शब्दांची कमेंट लिहायची. तीनदा चुकलात की ग्रुपमधून बाहेर.

पुढचे अडीच महिने कसे गेले ते ऐका. सकाळी ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बरची गाडी पकडायची आणि रबाळे-घणसोली येईपर्यंत लोकांच्या पोस्टना कमेंटा लिहायच्या. कुणी इन्शुरन्सवाला, कुणी मुलाखतीची तयारी करून घेणारी, कुणी 'पहाटे चारला उठण्याचे फायदे' लिहिणारा. मी सगळ्यांना 'फार महत्त्वाचा मुद्दा मांडलात सर' लिहायचो. एकदा घाईत एकाच्या आजोबांच्या श्रद्धांजलीखालीही तेच लिहिलं. त्याने त्याबद्दल मला धन्यवाद दिले, म्हणजे वाचत तोही नव्हता.

आणि माझ्या पोस्टवर काय? एका गेजचा फोटो टाकला होता. पाइपलाइनवरून काढून टेबलावर ठेवलेला, नळीला काहीही जोडलेलं नाही, तरी काटा शून्याऐवजी ०.४ किलो दाबावर. आमच्या धंद्यात याला झिरो गेलाय म्हणतात. असा गेज लाइनवर असला की ऑपरेटर ०.४ किलो दाब जास्त समजून चालतो. खाली साठ लाईक, आणि कमेंटा: 'खूप प्रेरणादायी', 'प्रवासासाठी शुभेच्छा', 'व्हेरी इनसाइटफुल सर'. गेज का बिघडला, हे एकानेही विचारलं नाही.

मी मात्र खूश होतो, हे कबूल करतो. साडूला स्क्रीनशॉटसुद्धा पाठवला.

मग मुलीने एक दिवस पोस्टखालच्या आकड्यांवर बोट ठेवून दाखवलं. बघणारे कुठल्या हुद्द्यावरचे, कुठल्या गावचे, कुठल्या क्षेत्रातले, ते तिथे दिसतं. माझ्या गेजला बघणाऱ्यांत दिसत होते करिअर कोच, विमा सल्लागार, एचआर. क्वालिटीवाला नाही, मेंटेनन्सवाला नाही. "बाबा, तुझा गेज यांच्या कुठे बसणार रे?" ती म्हणाली. ग्रुपवाल्याने लाईक केलं की ते त्याच्या ओळखीच्यांना दिसणार, आणि त्याच्या ओळखीचे त्याच्यासारखेच असणार. मीच माझी पोस्ट हाताने चुकीच्या गल्लीत ढकलत होतो. शिवाय आधी ठरवून एकमेकांच्या पोस्टना लाईक करू नका, हे लिंक्डइनच्या स्वतःच्या नियमांतच लिहिलंय. शिबिरात हे कुणी बोललं नव्हतं.

ग्रुप सोडला तेव्हा शिकवणाऱ्याचा मेसेज आला: 'तुमच्यात सातत्य नाही.' अडीच महिने रोज गाडीत उभ्याने कमेंटा लिहिणाऱ्या माणसाला हे! पैसे परत मागितले नाहीत. जेवलो होतो.

लाईक पुन्हा तीनवर आले. साडू म्हणाला, "काय हो, मंदी?" या वेळी खरोखर सोडणार होतो. एक केलं: पोस्ट टाकल्यावर लाईक बघायचं बंद. महिन्यातून एकदाच ते हुद्दे बघायचे. चाळीस जणांत दोन क्वालिटीवाले दिसले तरी चाललं.

हो, एक राहिलं. पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं बोट लावल्यावर उघडतं. मी कित्येक आठवडे 'सर्वांना सुप्रभात'ने सुरुवात करत होतो. सुप्रभातवर कोण बोट लावणार? आणि फोटो लॅबमधलाच टाका, पण सर्टिफिकेटवरचं गिऱ्हाईकाचं नाव झाका. आमच्यासारख्या लॅबना लागू असलेल्या आयएसओ १७०२५ या मानकात गोपनीयतेचं कलम आहे, आणि मी एकदा ते विसरून फोटो टाकला होता. दहा मिनिटांत काढला. तेव्हा कुणी बघत नाही याचं पहिल्यांदा बरं वाटलं.

नवव्या महिन्यात शिक्क्यावर लिहिलं. निम्म्या गिऱ्हाइकांना वाटतं, वजनकाट्याला सरकारच्या वैधमापन खात्याचा शिक्का आहे म्हणजे कॅलिब्रेशन झालं. तसं नसतं. शिक्का सांगतो, काटा कायद्याने चालणाऱ्या चुकीच्या मर्यादेत आहे, विक्रीला वापरा; इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दरवर्षी घ्यावा लागतो. कॅलिब्रेशन सर्टिफिकेट सांगतं की ५ किलोला काटा नेमका किती चुकतो, १० किलोला किती, आणि आमच्या त्या मोजमापाचीच अनिश्चितता किती, म्हणजे आमचा आकडाही किती इकडेतिकडे असू शकतो. ऑडिटर दुसरं मागतो, माणसं पहिलं दाखवतात. हे मी काउंटरवर हजारदा बोललोय, म्हणून एका बैठकीत लिहून झालं. लाईक आले अकरा.

तीन आठवड्यांनी रबाळ्याहून फोन. एका औषध कंपनीतले क्यूएचे, म्हणजे क्वालिटी खात्याचे साहेब. "तुमचं ते शिक्क्याचं मी प्रिंट काढून स्टोअरमध्ये लावलंय. ऑडिट आहे, त्रेचाळीस गेज आणि सहा काटे आहेत, कधी येता?" मग सहज म्हणाले, "तो ०.४ वाला गेज पण बघितला होता. पॉइंटर सरकला होता की बोर्डन ट्यूब गेली होती?"

साठ कमेंटांत न आलेला प्रश्न. ट्यूब, म्हणजे दाबाने काटा हलवणारी आतली वाकडी नळी, गेली होती, मी सांगितलं, पंपाच्या धक्क्यांनी.

रात्री लॅपटॉप उघडून त्यांचं नाव शोधलं. सात महिन्यांपासून कनेक्शनमध्ये होते. माझ्या सगळ्या पोस्ट पहिल्यापासून तपासल्या. एक लाईक नाही, एक कमेंट नाही. त्यांचे गेज तपासून दिले, बिल पास झालं, मागच्या आठवड्यात त्यांच्या दुसऱ्या प्लांटचं कोटेशनही मागितलं. लाईक अजून नाही.