कोणाला कोणी शिकवलं?

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांचा (चर्चचा) वार्षिक मेळावा म्हटलं की मला आधी आठवतो तो साक्षींचा, म्हणजे आपापल्या विश्वासाचे अनुभव सांगण्याचा, तास. भजनं, प्रवचनं, मुलांची नाटुकली, सगळंच हवंहवंसं. पण त्या तासाला बाहेर गप्पा मारत उभी असलेली माणसंही आत येऊन बसायची.

नव्या मंडळीतून आलेल्याला पाळक (पास्टर) विचारायचे, "तुम्हाला देवाचं वचन कोणी शिकवलं?" त्याने नाव घेतलं की ती व्यक्ती उभी राहायची. मग तिलाही तोच प्रश्न. असे चार-पाच जण उभे राहिले की पाळक बायबलमधलं २ तीमथ्य २:२ काढायचे. प्रेषित पौलाकडून ऐकलेलं त्याचा शिष्य तीमथ्याने विश्वासू माणसांना सोपवायचं आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवायचं, अशा चार पिढ्या त्या एका वचनात आहेत. वचन आम्हाला पाठच होतं, तरी ती उभी माणसं बघताना दरवेळी अंगावर काटा यायचा.

"उपासनेला किती जण येतात?" हे मात्र पाळक अगदी शेवटी विचारायचे, कधी विचारायचेही नाहीत. मला ते फार पटायचं. मोठी सभा महिनाभराच्या तयारीत भरते. एका माणसाबरोबर दर आठवड्याला शास्त्र उघडून बसायचं, त्याच्या आजारपणात, घरच्या ताणात सोबत राहायचं, याला वर्षं द्यावी लागतात. एफिस शहरात पौलही तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज बोलत राहिला होता.

एका वर्षी एक मावशी वही घेऊन उभ्या राहिल्या. डावीकडे नावं, उजवीकडे बारीक अक्षरात नोंदी: "मार्कचं शुभवर्तमान, अध्याय ४ झाला", "मोठ्याने प्रार्थना करायला लाजते". मावशींनी प्रवचन कधीच केलं नव्हतं. पण त्यांच्या घरातल्या अभ्यासातून दोन मंडळ्या उभ्या राहिल्या आणि दोन्हीकडचे वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, त्या वहीतलेच. अपुल्लोसासारख्या वक्त्याला आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग नीट समजावून देणारं प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला हे बायबलमधलं जोडपं वाचताना मला मावशीच दिसतात.

समारोपाला नव्या ठिकाणी निघालेल्यांवर हात ठेवून प्रार्थना व्हायची. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांना, म्हणजे आपल्या शिक्षकांनाच, पाठवलं होतं. आमच्याकडूनही गाणी बसवणारा, तरुणांचा अभ्यास घेणारी असेच जायचे. जड जायचं, पण नावं पुढे करताना कुणी हात आखडता घेतला नाही.