३२ जीबीचा लॅपटॉप आणि ‘किल्ड’

माणसाच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर) स्टार, म्हणजे आरएनएचे वाचलेले तुकडे जीनोमवर जागच्या जागी बसवणारा प्रोग्रॅम, चालवायचं तर साधारण ३० जीबी रॅम लागते. लॅपटॉप ३२ जीबीचा. हिशेब मीच करून दिला होता. तरी ‘लोडिंग जीनोम’ या ओळीखाली टर्मिनलवर एकच शब्द उमटला: किल्ड. म्हणजे मेमरी पुरेना म्हणून सिस्टिमने प्रोग्रॅमच बंद पाडला.

संशोधक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, मशीन खराब निघालं का?” मशीन ठणठणीत होतं. त्यावर विंडोज होतं आणि लिनक्स डब्ल्यूएसएल-२ मधून, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याच्या सोयीतून, चालत होतं. आपण काही सांगितलं नाही तर ते एकूण रॅमपैकी निम्मीच लिनक्सला देतं. म्हणजे हातात १६ जीबी, वर ४ जीबी स्वॅप (रॅमऐवजी वापरायची डिस्कवरची जागा). आधी मोकळी मेमरी दाखवणारी ‘फ्री’ कमांड मारली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं.

डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा २६ वर नेली. त्यापुढे जाता येईना, कारण विंडोजलाही जगायला चार-पाच जीबी हवेतच. रॅम वाढवावी तर ती बोर्डवर सोल्डर केलेली! मागणीपत्रात ‘रॅमचे दोन स्लॉट, ६४ पर्यंत वाढवता येणारा’ असं स्पष्ट लिहिलं होतं. खरेदी समितीने त्याच पैशांत ग्राफिक्स कार्डवालं सडपातळ मॉडेल उचललं. नॅनोपोरचं बेसकॉलिंग (त्या यंत्राच्या सिग्नलवरून डीएनएची अक्षरं ओळखणं) असतं तर त्या कार्डाचं सोनं झालं असतं. स्टारला त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय सडपातळ लॅपटॉप सगळे कोअर तासभर जुंपले की तापतो आणि वेग उतरवतो, ते वेगळंच.

मग इंडेक्स, म्हणजे स्टार शोधासाठी वापरतो ती जीनोमची सूची, नव्याने बांधला, ‘जीनोम-एसए-स्पार्स-डी’ हा पर्याय २ ठेवून. सफिक्स अ‍ॅरे या सूचीच्या मुख्य भागातली एक आड एक जागाच ठेवली जाते, त्यामुळे मेमरी निम्म्याच्या आसपास येते. मॅपिंग (तुकडे जीनोमवर बसवणं) मंदावतं, पण चालतं.

चाललं, आणि लगेच फिफो (नेम्ड पाइप, म्हणजे एका प्रोग्रॅमचा डेटा थेट दुसऱ्याला पोचवणारी खास फाइल) बनवता येत नाही म्हणून थांबलं. आउटपुट बाहेरच्या डिस्कवर जात होतं आणि ती एक्सफॅट या फाइलसिस्टिमची होती. गझिप केलेल्या (दाबून लहान केलेल्या) फाइली वाचताना स्टार असा पाइप बनवतो, ते तिथे जमत नाही. काम लिनक्सच्या स्वतःच्या फाइलसिस्टिमवर करायचं, झाल्यावर निकाल बाहेर हलवायचा. विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून लिहिणं तसंही रडतखडतच होतं.

तिसरी ठेच मॅपिंगचा निकाल क्रमाने लावणाऱ्या ‘सॅमटूल्स सॉर्ट’ची. आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आणि मेमरी ४ जीबी असं तिने कुठूनतरी उतरवलं होतं. तो आकडा एकूण नाही, प्रत्येक थ्रेडचा असतो. आठ चोक बत्तीस! १ जीबी केल्यावर सुरळीत. सॉर्ट तात्पुरत्या फाइलीही लिहितो, तेव्हा बॅमच्या (मॅपिंगच्या निकालाच्या फाइलीच्या) दुप्पट तरी जागा मोकळी ठेवावी.

स्टारचा ढोबळ हिशेब सोपा आहे: जीनोमच्या दर अक्षराला दहा बाइट. भाताचा जीनोम सुमारे ४० कोटी अक्षरांचा, म्हणजे ४ जीबी. शेजारच्या भातवाल्या गटाला १६ जीबीचा लॅपटॉप आरामात पुरतो. गव्हाचा सुमारे १६ अब्जांचा, तिथे लॅपटॉपचं नावच काढू नये. आमच्याकडे मात्र चर्चा नेहमी प्रोसेसर कितव्या पिढीचा यावरून सुरू होते. प्राणी किंवा पीक कोणतं, हे शेवटी कुणीतरी विचारतं.

आणि मीही एक गोष्ट विचारली नव्हती. तिला नवे स्प्लाइस जंक्शन (आरएनएत जनुकाचे तुकडे जोडले जातात ते सांधे) शोधायचे होते की नुसती जनुकनिहाय मोजणी हवी होती? मोजणीच. मग मोजणीपुरता हलका ‘सॅल्मन’ प्रोग्रॅम पुरला असता. डिकॉय (चुकीचे जुळणारे तुकडे वेगळे काढायला दिलेला संदर्भ) म्हणून अख्खा जीनोम जोडला नाही तर त्याचं काम ट्रान्सक्रिप्टोमवरच, म्हणजे जनुकांच्या आरएनए-प्रतींच्या संचावरच, भागतं आणि तिच्या जुन्या ८ जीबीच्या लॅपटॉपवरही बसतं. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा नव्याचं बिल मंजूर होऊन गेलं होतं.