शंभर गोळ्या, तेहतीस दिवस

सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस होते, 13 जानेवारी. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला अर्धं गाव लोटलेलं, त्यामुळे अशोक चौकाच्या पुढे माझ्या मेडिकलमध्ये संध्याकाळी शुकशुकाट. कामाचा पोरगाही यात्रेला गेला होता, म्हणून काउंटरला मी एकटीच. तो असता तर त्याने डबी काढून दिली असती आणि मला काही कळलंच नसतं. आधीच्या दोन्ही त्यानेच दिल्या होत्या.

अक्काची धाकटी आली. अक्का माझं जुनं गिऱ्हाईक. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. धाकटी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जाते. वय बावीस.

“ताई, आईची थायरॉईडची डबी द्या. आणि गॅसवर एखादी गोळी द्या की. छातीत नुसतं धडधडायलंय.”

मी स्वेटर घालून बसलेली आणि या पोरीच्या कपाळावर घाम. पैसे पुढे केले तर हातातली नोट थरथरत होती. गॅसने हात थरथरत नाहीत. प्रेशरचं मशीन काढून दंडाला लावलं. प्रेशर ठीक होतं, पण नाडी 118.

“धावत आलीस का?”

“नाही की ओ. झोपूनसुद्धा असंच होतं.”

डबी द्यायची म्हणून कॉम्प्युटरवर अक्काचं खातं उघडलं. शंभर गोळ्यांची डबी 22 ऑक्टोबरला गेलेली. पुढची 11 डिसेंबरला. अक्काला रोज एक, 100 मायक्रोग्रॅमची. म्हणजे डबी शंभर दिवस पुरायला हवी. पहिली पुरली पन्नास दिवस, दुसरी तेहतीस. मी कागदावर भागाकार मांडला, खरं तर तोंडीच येत होता. आधी रोज दोन, मग रोज तीन. अक्काची एक वजा केली की उरतात एक आणि नंतर दोन.

मी कागद तिच्याकडे फिरवला. काही बोलले नाही. पोरगी कागदाकडे बघता बघता रडायला लागली.

फेब्रुवारीत साखरपुडा होता. कुणीतरी फोटो बघून ‘जरा जाड वाटते’ म्हणालं होतं. आणि घरात वजन उतरवणारी गोळी तिला डोळ्यांदेखत दिसली होती. अक्काचं निदान झालं तेव्हा तिचं तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, केस मूठमूठ गळायचे, टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा, साठच्या वर. गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत वजन 74 वरून 70 वर आलं. पोरीने यातून जो निष्कर्ष काढला तो मला मूर्खपणाचा वाटत नाही. शिकलेली माणसंही काउंटरवर येऊन ‘ती वजनाची थायरॉईडची गोळी’ म्हणतात.

पण अक्काचे जे चार किलो गेले ते बहुतेक अंगात साठलेलं मीठपाणी होतं. ग्रंथी मंदावली की शरीर ते धरून ठेवतं, गोळीने सोडून देतं. थायरॉईडच्या नावावर टाकता येईल असं वजन साधारण दोन ते साडेचार किलो, फार बिघडलेलं असेल तर जास्त. गोळी म्हणजे ग्रंथीला जमत नाही तेवढी भर, बस. ज्याची ग्रंथी धडधाकट आहे त्याने ती खाल्ली तर हृदय पळतं, हाडं विरतात, आणि चरबीबरोबर स्नायूही झडतात. अमेरिकेत तर हे औषध वजन कमी करायला वापरू नका, असा इशारा माहितीपत्रकावर चौकटीत छापावा लागतो. मायक्रोग्रॅम हा शब्दही लोकांना फसवतो. शंभर म्हणजे मिलिग्रॅमचा फक्त दहावा भाग. इतक्या बारीक मात्रेचं औषध, म्हणून डॉक्टर 75 आणि 100 मध्ये इतका विचार करतात.

डबी दिली नाही. दोन गल्ल्या पलीकडच्या डॉक्टरांना फोन केला आणि दुकानाला कुलूप लावून तिला स्वतः घेऊन गेले. ईसीजीत ठोके नियमित होते, फक्त वेगाचे. एवढ्यावर निभावलं. टीएसएच दुसऱ्या दिवशी आलं, मशीनला मोजता येणार नाही इतकं खाली. गोळी बंद, धडधड आवरायला थोड्या दिवसांचं औषध, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. हे औषध अंगातून निम्मं व्हायलाच आठवडा घेतं, त्यामुळे पोरीला बरं वाटायला वेळ लागला. पाच किलो उतरले होते, त्यातले चार किलो मार्चपर्यंत परत आले.

त्या संध्याकाळच्या दुसऱ्याच दिवशी, 14 जानेवारीला, अक्का स्वतः डबी न्यायला आली. मला वाटलं पोरीच्या नावाने शिव्या घालेल. आधी घातल्याच, तेलुगूत. मग स्टुलावर बसून म्हणाली, “ते जाऊ दे ताई. माझं रिपोर्ट चांगलं आलंय, मग वजन सत्तरवरच का अडकलंय?”

त्यादिवशी मला या प्रश्नाचा कंटाळा आला नाही. एरवी येतो. लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून कोबी सोडतात आणि गोळी मात्र चहाबरोबर घेतात. अक्कानेही कोबी सोडला होता, आणि गोळीसोबत कॅल्शियमची गोळी एकाच घोटात, लक्षात राहावी म्हणून. कॅल्शियम आतड्यातच थायरॉईडच्या गोळीला धरून बसतं. दोघांत चार तास हवेत. थायरॉईडची उठल्याउठल्या पाण्याबरोबर, मग अर्धा-पाऊण तास चहाही नाही.

“रिपोर्ट चांगलं म्हणजे थायरॉईडने त्याचा वाटा सोडला, अक्का. उरलेलं वजन त्याचं नाही.”

“मग कुणाचं?”

हजार विड्या वळायच्या म्हणजे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका जागी बसणं. सोबत सहा कप गोड चहा, दुपारी भाताचा डोंगर. चालायला जा म्हणून मी सहज म्हणून गेले आणि जीभ चावली. मजुरी विड्यांच्या हिशोबाने मिळते. तासभर चालणं म्हणजे तेवढ्या विड्या कमी. शेवटी एवढंच ठरलं की चहा दोनच कप, एका वेळच्या भाताजागी भाकरी, आणि तयार विड्यांचा माल कारखान्यात द्यायला रिक्षाने न जाता पायी. शेंगाचटणीवर मी बोलले नाही. सोलापुरात बोलून उपयोगही नसतो.

पोरगा आता डबी देण्याआधी मागची तारीख बघतो. मीही बघते, खरं तर आधीच बघायला हवी होती.

24 एप्रिलला भर उन्हात अक्का आली, डोक्यावरून पदर ओढून, रिकामी डबी काउंटरवर ठेवत. वजन 68. मी अजून कॉम्प्युटरकडे वळलेही नव्हते.

“शंभर झाले की ओ,” ती म्हणाली. “बघा मोजून.”