उताणं पोहताना डोकं कुठे ठेवायचं

मंगळवार, रात्री

वहिनीला फ्रीस्टाइल छान येतं, दमही आहे, पाण्याची भीती तर नाहीच. पण पाठीवर वळली की कंबर खाली जाते आणि ती आरामखुर्चीत बसल्यासारखी दिसायला लागते. आज सकाळी शेजारच्या लेनमधून बघत होते. पाय दणादण मारत होती बिचारी, आणि जागची हलत नव्हती. सगळा घोळ हनुवटीचा. ती छातीला टेकवून बाईसाहेब स्वतःचे पाय नीट चाललेत का ते तपासत होत्या!

आपल्याला पाणी वर उचलतं ते मुख्यतः छातीतल्या हवेमुळे. वजनाचा मध्य मात्र खाली, बेंबीच्या आसपास. म्हणजे पाय मुळातच बुडायच्या तयारीत असतात. त्यात साडेचार-पाच किलोंचं डोकं पाण्याबाहेर काढलं, की त्याचा भार पाणी घेत नाही, बाकीच्या अंगाला पेलावा लागतो. मग कंबर बसते, मांड्या पाणी अडवतात. अशा वेळी पाय कितीही जोरात मारा, दम तेवढा जातो.

तिला म्हटलं, पोहू नकोस, नुसती पडून राहा. हात अंगालगत ठेवले तर पाय हळूहळू खाली गेले. तेच हात डोक्याच्या पलीकडे लांब केले, छाती भरून श्वास घेतला, तर पाय आपोआप वर! हातांचं वजन पलीकडे गेलं की तोल छातीकडे सरकतो. वहिनी तरंगता तरंगताच हसली आणि नाकात पाणी गेलं.

बाबांना यातलं काही कुणी शिकवलं नव्हतं. गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस. विहिरीत पाय टेकायला जागा नसते. दमलं की एक तर कपारीला धरायचं, नाही तर उताणं पडून राहायचं. कान पाण्यात, पोट आभाळाकडे, असे ते मजेत गप्पा मारत पडायचे. तलावात उथळ भाग असतो, म्हणून आपल्याला ही गरजच पडत नाही, असं माझं मत.

वहिनीने मग दुसरं टोक गाठलं. डोकं इतकं मागे टाकलं की पाठीची कमान झाली आणि तोंडावरून पाणी वाहायला लागलं. तसंही नको. दोन्ही कान बुडालेले, नजर सरळ वर, हनुवटी किंचित आत, गळा सैल. मान आखडली तर कुठेतरी चुकतंय असं समजावं.

गंमत म्हणजे स्पर्धेच्या नियमांना डोक्याशी काही देणंघेणं नाही. अंग कडेवर ९० अंशांच्या आत वळलं तर चालतं. डोक्याची स्थिती गैरलागू, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. ते मघाशी वाचून दाखवलं तर वहिनी खूश! मग तिला केली मॅककिऑनची शर्यत दाखवली. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्ण हिचंच. खांदे आलटून पालटून पाण्याबाहेर येतात, कंबर त्यांच्याबरोबर वळते, चेहरा मात्र जागचा हलत नाही. मी चित्र थांबवून थांबवून फक्त चेहराच बघायला लावला. भावाने मध्येच येऊन विचारलं, मॅच कुणाची आहे?

उद्या कपाळावर अर्धी भरलेली बाटली ठेवून नुसते पाय मारायचे. हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण मास्तरांना ओरडावं लागत नाही, बाटलीच पडते. ती टिकली तरच हात सुरू.

निघताना वहिनीने नेमका प्रश्न विचारला: "वन्सं, वळून बघायचं नाही, तर भिंत आली हे मला कळणार कसं?" त्यासाठीच वर पताका बांधतात, भिंतीपासून ५ मीटरवर. आडवं पडलेल्याला त्या दिसतातच. पताका डोक्यावरून गेल्या की किती हातांत भिंत येते, ते ज्याने त्याने मोजून ठेवायचं. उंच माणसाला कमी लागतात, वहिनीला बहुधा माझ्यापेक्षा एखादा जास्त. तिचा आकडा ठरेपर्यंत मी भिंतीपाशी हात आडवा धरून उभी राहणार आहे.