कुदळीच्या दांड्याने ताणलेलं शीड

विंडसर्फिंगचं शीड मी गोव्यात दोनदाच बांधलं होतं, तेही शिकवणाऱ्याच्या हँडलने. मे संपताना जुना संच विकत घेऊन रावेरजवळ मामांच्या खळ्यात उघडला, तर दोर ओढायचं ते हँडल त्यात नव्हतंच.

शिडाच्या खालच्या कोपऱ्यात मापं छापलेली असतात. माझ्या शिडावर लफ, म्हणजे काठीकडची कड, ४२६ आणि बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, १७४. डोलकाठी ४०० सेंटिमीटरची, म्हणून बुडाचं एक्स्टेन्शन, म्हणजे काठी लांबवणारा जोडतुकडा, २६ वर लावलं. काठीचे दोन तुकडे जोडण्याआधी सांधा ओल्या फडक्याने पुसला. तिथे चार कण वाळू राहिली तरी नंतर काठी सुटता सुटत नाही.

खरा घाम काढला डाउनहॉलने, म्हणजे शीड काठीच्या बुडाकडे ओढून ताणणाऱ्या दोराने. दोर हाताला गुंडाळून ओढला, तर तळहातावर लाल वळ उठला आणि शीड जेमतेम चार बोटं खाली आलं.

मामा गोठ्यातून बघत होते. "हात कापशील भाच्या. दांडा घे."

कुदळीचा सुटा दांडा घेतला, दोराचे तीन वेढे दिले, शेवटचा वेढा दोराखालीच अडकवला. जमिनीवर बसून एक्स्टेन्शनच्या बुडाला पाय टेकवला आणि पाठ ताठ ठेवून पायाने रेटलं. तरी हलेना! वाकून पाहिलं, तर पुलीत दोर एकमेकांवर चढले होते. सगळा काढून, पदर शेजारीशेजारी बसवून पुन्हा ओवला. या वेळी शीड सरसर उतरलं. बूमचा दोर तोवर मुद्दाम सैलच ठेवला होता. आधी डाउनहॉल, मग बूम, हा क्रम मोडायचा नाही.

थांबायचं कुठे, हे मागच्या कडेवरून कळतं. वरच्या दोन-तीन बॅटनांमधली, म्हणजे शिडातल्या आडव्या पट्ट्यांमधली, कड लुळी पडली पाहिजे. मला वाटलं, बिघडवलं. पण जोराचा झोत आला की शिडाचा माथा वळून तो सोडून देतो, नाहीतर सगळा भार हातांवर येतो.

मामांना हे सांगावं लागलं नाही. जूनच्या वावधनात आडव्या झालेल्या केळीच्या बागा त्यांनी पाहिल्या आहेत. बांधावरचं चिरफाळलेलं पान दाखवून म्हणाले, "फाटलं, म्हणून वारा निघून जातो त्यातून."

संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटला. मी शीड उभं धरलं, मामांनी बूमवर हात ठेवला. वरची कड फडफडत होती, खालचं पोट टच्च भरलं होतं.