दुधाचा पेला पुढ्यातून उचलण्याआधी

"कॅन्सरची गाठ निघालीय, आता दूध बंदच करू ना?" बेळगावात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागल्यापासून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून पेशंटला घेऊन येणारी माणसं खुर्चीवर टेकायच्या आत विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या भीतीचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. १९६८ साली हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतल्या माधवन आणि गोपालन यांनी उंदरांना अफ्लाटॉक्सिन दिलं. शेंगदाण्याला बुरशी लागली की तयार होणारं हे विष. काही उंदरांच्या खाण्यात २० टक्के केसीन होतं, काहींच्या ५ टक्के. केसीन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन. गाईच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के तेच असतं. यकृतातला बिघाड गाठीकडे सरकला तो २० टक्केवाल्यांत. पुढे अमेरिकेत पोषणशास्त्रज्ञ कॉलिन कॅम्पबेल यांनी हे काम खूप वाढवलं, आणि 'दूध म्हणजे गाठीचं खाद्य' हे वाक्य तिथून फिरत फिरत आपल्या फोनपर्यंत आलं.

त्याच कॅम्पबेल यांच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मात्र फोनवर कुणी पाठवत नाही. केसीनऐवजी गव्हाचं प्रथिन दिलं तेव्हा यकृतातले डाग, म्हणजे गाठ होण्याआधीचे बिघडलेल्या पेशींचे पुंजके, फारसे वाढले नाहीत. गव्हात लायसिन हा प्रथिनाचा एक घटक कमी असतो. मग त्याच गव्हात लायसिन मिसळलं, तर डाग केसीनसारखेच वाढले! म्हणजे दोष एकट्या दुधाचा नव्हता. वाढीला लागणारं सगळं ज्यात आहे असं पुरेसं प्रथिन मिळालं, की विषाने बिघडलेल्या पेशीही वाढल्या. ज्वारीत लायसिन कमी, डाळीत भरपूर. मग भाकरीबरोबरची आमटीही बंद करायची का? शिवाय कमी प्रथिनावरच्या उंदरांना त्या विषाची थेट बाधा जास्त होते, हेही प्रयोगांतच दिसलं आहे.

माणसांचं चित्र आणखी वेगळं. दूध घेणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी आढळतो. प्रोस्टेट या पुरुषांतल्या ग्रंथीच्या कॅन्सरच्या बाबतीत दूधदुभतं फार असणाऱ्या पुरुषांत धोका थोडा वाढलेला काही अभ्यासांत दिसतो, म्हणून त्या पेशंटशी मी प्रमाणाबद्दल वेगळं बोलते.

माझ्या मामीची केमो चालू होती तेव्हा मी अजून शिकत होते. गोठ्यात दोन दुभत्या म्हशी, आणि मामीला दूध, दही, ताक सगळं बंद. त्याच्या जागी दुसरं काही वाढलंही नाही. दंडाचं मांस उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. अशक्तपणामुळे पुढची केमो लांबली. घरच्यांनी सगळं मायेपोटी केलं होतं, म्हणून ते आजही सलतं.

उपचार चालू असलेल्या माणसाला रोज, वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिन लागतं. पेलाभर म्हशीच्या दुधात सात-आठ ग्रॅम मिळतं. दूध पचत नसेल, नको वाटत असेल, तर सोडा; पण डाळ, अंडं, मासे यांतून तेवढं भरून काढा, आणि आधी डॉक्टरांना सांगा. कुंद्याचं, म्हणजे आपल्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईचं म्हणाल तर त्यात साखरच फार. चवीपुरता घ्या.

आणि घरातल्या भुईमुगाच्या शेंगा बघा. काढणीला पावसात भिजलेला, काळपट, खवट लागणारा दाणा चटणीत घालू नका. बुरशी आलेली पेंड म्हशीलाही घालू नका; ते अफ्लाटॉक्सिनचं विष दुधात उतरतं, उकळूनही जात नाही.